बावीस टिकल्या

“भोकं मोजू नकोस, टिकल्या मोज. भोक डोळ्याला फसवतं. टिकली कुणाला फसवत नाही.”

थोरली नऊ वर्षांची असल्यापासून बाबांचा हा आवाज तिच्या कानात होता. जुन्या इंजिनांची गॅस्केटं बाजारात मिळत नाहीत. मिळाली तरी ती बाबांच्या पसंतीला उतरत नसत. ते तांब्याचा पत्रा लाल होईतो तापवत, पाण्यात बुडवून मऊ करत आणि हाताने कापत. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड आणि हेड म्हणजे त्यावरचं झाकण, यांच्यामध्ये बसणारं ते पातळ पान. त्यात सिलिंडरची मोठी भोकं, बोल्टची भोकं आणि पाणी खेळायची बारकी भोकं. बाबा म्हणत, बोल्टचं भोक राहिलं तर हेड बसतच नाही, ते ओरडून सांगतं. पाण्याचं राहिलं तर मात्र ते गप्प बसतं, आणि गप्प बसणाऱ्यानेच घर जळतं. म्हणून पंच ठोकून पाण्याचं एकेक भोक पाडलं की खाली पडणारी तांब्याची टिकली उचलून एका डबीत टाकायची. सगळं झालं की टिकल्या मोजायच्या, डबीवर गाडी आणि आकडा लिहायचा, आणि डबी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. ब्लॉकला जितकी भोकं, तितक्या टिकल्या. त्याशिवाय हेडचा बोल्ट आवळायचा नाही. भिंतीवर अशा एकशे चाळीस डब्या होत्या.

मोजायचं काम थोरलीचं होतं. पस्तीस वर्षं तिने तो नेम मोडला नव्हता. एकदाच मोडला.

ती गाडी आज पुन्हा गॅरेजच्या दारात उभी होती. टपाची, चार सिलिंडरची, बाबांपेक्षाही वयाने मोठी. मालक दातांचा डॉक्टर. त्याने गाडी ढकलत आणली होती आणि तो बोनेटवर हात टेकून धापा टाकत होता.

“तिसऱ्या चढाला वाफ सोडते,” तो म्हणाला, “आणि तेलाच्या दाबाचा काटा झोपतो. सुरू केली की चाळीस, तापली की सात. दोन ठिकाणी दाखवली. दोघं म्हणाले, तुमच्या बाबांनीच निदान केलंय ना, क्रँक ढिला घासलाय, मग क्रँकच बदला. मी म्हटलं, बदलायचाच असेल तर जिथं बसवला तिथंच बदलू.”

“बदलू ना डॉक्टर,” तिचा धाकटा भाऊ लगेच म्हणाला. दुकानाचं बोलणं-चालणं तो बघायचा. “बाबांचं बोट कधी चुकलंय का? त्या टर्नरनेच माती खाल्ली.”

“आधी उघडून बघू,” थोरली म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू असे की नवखा माणूस दोनदा विचारायचा. डॉक्टर नवखा नव्हता.

“बघा,” तो म्हणाला. “दात न बघता उपटायचा नाही, हे आमच्याकडेही आहेच.”

तो टर्नर म्हणजे थाऊकाका. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक थाऊ. हा माणूस झोपेतसुद्धा त्याच मापात बोलायचा. “आज भाजीत मीठ दोन थाऊ जास्त आहे,” असं बायकोला सांगायचा आणि बोलणी खायचा. गल्लीच्या टोकाला त्याचं लेथ आणि ग्राइंडर. बाबांनी उघडलेल्या प्रत्येक इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, घासायला चाळीस वर्षं त्याच्याकडेच गेला. दोघं रोज चारला एका बाकावर चहा प्यायचे आणि रोज भांडायचे.

दीड वर्षामागे ही गाडी बाबांनी पूर्ण उघडून नव्याने बांधली. आठ दिवसांत ती तापून परत आली. डॉक्टर रागावला होता, गल्ली जमली होती. बाबांनी डबा भरून तेल काढलं, बोटावर चोळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “क्रँक ढिला. थाऊ थाऊ करतो आणि चार थाऊ खाऊन बसला!”

थाऊकाका हातातलं काम टाकून आला होता. त्याने खिशातून मायक्रोमीटर काढून बाबांपुढे धरला. “मोज,” तो म्हणाला. “खोल आणि माझ्यासमोर मोज.”

“मला मोजायची गरज नाही. माझ्या बोटांना कळतं.”

“बोटांना कळत असतं तर देवाने आकडे कशाला केले असते? मोज म्हणतो ना!”

“निघ,” बाबा म्हणाले. “म्हातारा झालास. हात थरथरतात तुझे. घरी बस.”

मायक्रोमीटर धरलेला तो हात जराही थरथरत नव्हता. थोरलीने ते पाहिलं होतं. ती दोन पावलांवर उभी होती. पुढे होऊन मायक्रोमीटर हातात घेणं एवढंच करायचं होतं. पण बाबांचा शब्द बाबांच्या तोंडावर खोटा ठरवायचा? ती खाली बघत राहिली.

डॉक्टर रागातच गाडी तशीच घेऊन गेला, इंजिन कुणी उघडलंच नाही. गल्लीत बाबांचा शब्द म्हणजे शिक्का. मिस्त्री म्हणाला क्रँक ढिला, म्हणजे ढिला. महिन्याभरात थाऊकाकाकडे काम येणं थांबलं, सहा महिन्यांत लेथ भंगारवाल्याच्या गाडीत चढलं. त्या दिवशी थोरली त्याच्याकडे गेली होती. जमिनीवर लेथच्या चार पायांचे तेलकट चौकोन तेवढे उरले होते. त्याने मायक्रोमीटर तिच्या हातात ठेवला.

“यात मी वाचलेलं आता कुणाला पटत नाही. तू वाच. ते इंजिन आज ना उद्या उघडेल. उघडलं की क्रँक मोज, आणि जे निघेल ते मला येऊन सांग. माझी चूक निघाली तरी सांग. पण दुसऱ्याकडून कळायच्या आधी तू सांग.”

“सांगेन काका,” ती म्हणाली.

“नुसतं सांगेन नको. कबूल?”

“कबूल.”

बाबा गेल्या थंडीत गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिचं मनगट धरून म्हटलं होतं, “डॉक्टरचं ते इंजिन तू उघडू नकोस. मी गेल्यावरही नाही.” तिने त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, पांघरूण नीट केलं. हो मात्र म्हणाली नाही. एकदा हो म्हटलं की पाळावं लागतं, आणि एक शब्द आधीच दिलेला होता.

डॉक्टर गेल्यावर थोरलीने बाह्या दुमडल्या.

आधी तिने गाडीचा काटा काढून स्वतःचा, भरवशाचा काटा लावला. इंजिन थंड असताना दाब चाळीस. बरोबर. मग ते चालू ठेवून ती बाजूला स्टूल टाकून बसली. पाव तासाने काटा उतरायला लागला. तीस, वीस, बारा. शेवटी सातावर येऊन थरथरला. त्याच वेळी रेडिएटरच्या तोंडातून वाफ फुसफुसली. तिने इंजिन बंद केलं आणि पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून हेडवर थेंब शिंपडले. पुढच्या बाजूला थेंब नुसते पसरले. मागच्या टोकाला मात्र ते चर्रकन उडाले. एकाच लोखंडावर पुढे उन्हाळा आणि मागे वणवा.

“काय कळलं?” धाकट्याने विचारलं.

“दाब आधी पडत नाही. आधी ताप येतो, मग दाब पडतो. तेल तापलं की पाण्यासारखं होतं, मग दाब राहील कसा?”

“म्हणजे?”

“म्हणजे दुखणं एक आणि त्याची सावली दुसरी. आपण दीड वर्ष सावलीला मारत बसलोय.”

“उगाच कोड्यात बोलू नकोस. बाबा म्हणाले ना क्रँक.”

“म्हणूनच आधी क्रँक बघते.”

इंजिन निवल्यावर तिने तेल काढलं, खालचं पात्र उतरवलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेली. क्रँकवर बसवलेल्या बेअरिंगच्या टोप्या एकेक करून सोडल्या. थाऊकाकाचा मायक्रोमीटर पुसला, लावला, आकडा वाचला. खडूने फरशीवर लिहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाचला. मधल्या मोठ्या बेअरिंगांत बारीक प्लॅस्टिकचा दोरा ठेवून टोपी आवळली, सोडली, चेपलेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीवर ताडून बघितली. फट दीड थाऊ. सगळीकडे दीड. कुठे पावणेदोन नाही की सव्वा नाही. पुस्तकात लिहिलेलं मापही एवढं सरळ नसतं.

गाडीखाली पडल्या पडल्या तिला चहाचा तो बाक आठवला. त्यावर आता कुणी बसत नव्हतं. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानात गेलं. हात तेलाने माखलेले, पुसायची सोय नव्हती.

“क्रँक बरोबर आहे,” बाहेर आल्यावर ती म्हणाली.

धाकट्याने फडकं उचललं आणि जो पाना पुसून झाला होता तोच पुन्हा पुसायला घेतला.

दुपारी तिने हेड उतरवलं. गॅस्केट ब्लॉकला चिकटलं होतं. हलक्या हाताने पातं फिरवत तिने ते सोडवलं आणि दारातल्या उजेडात धरलं. तांब्याचं ते पान सुरेख कापलेलं होतं. सिलिंडरच्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या गुळगुळीत. पाण्याच्या बारक्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिच्या पोटावर पडले. पुढून मागे ती मोजत गेली. अठरा, एकोणीस, वीस. मागच्या टोकाला, जिथं एकविसावं आणि बाविसावं हवं होतं, तिथं भोकं नव्हती. पंचाची खूण होती, ठोका मारायच्या आधी आखलेला गोल होता. त्या दोन गोलांच्या मागे पाणी दीड वर्ष धडका देत राहिलं होतं. तांब्यावर गंजाची दोन वर्तुळं उमटली होती. पाणी मागे खेळतच नव्हतं. तिथलं लोखंड तापत होतं, त्याने तेल तापत होतं, आणि तेलाचा दाब पडत होता. एवढंच.

बाबांना मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, तर बाबा म्हणाले होते, “आयुष्यभर यंत्रं मी उघडली. मला कोण उघडणार?” या गॅस्केटाच्या वेळी थोरली म्हणाली होती, “बाबा, पंच मी ठोकू का?” त्यावर त्यांनी पंच तिच्या हातातून ओढून घेतला होता. “आंधळा झालो का मी?” मग टिकल्या मोजायला तिने डबी मागितली नाही. मागणं म्हणजे त्या प्रश्नाला हो म्हणणं. पस्तीस वर्षांचा नेम तिने बापाच्या मानापायी मोडला होता.

आणि मायक्रोमीटर त्यांनी का घेतला नाही, तेही तिला आता समजलं. त्या बारीक रेघा त्यांना दिसतच नव्हत्या.

ती भिंतीशी गेली. शेवटच्या खिळ्याला या गाडीची डबी होती. वर बाबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: “२२. बरोबर.”

बाकीच्या एकशे एकोणचाळीस डब्यांवर नुसता आकडा होता. ‘बरोबर’ कुठेच नव्हतं.

तिने बाकावर पांढरा कागद पसरला आणि डबी उपडी केली. टिकल्या मोजल्या. बावीस. पानात भोकं वीस आणि डबीत टिकल्या बावीस? टिकली तर कुणाला फसवत नाही. तिने कागद दारातल्या उन्हात ओढला आणि बोटाने एकेक टिकली बाजूला सारत गेली. वीस टिकल्या लाल, तापवून विझवलेल्या तांब्याच्या, काळसर झाक असलेल्या. दोन पिवळ्या. पितळेच्या.

पितळेचा पत्रा फटी भरायला आणलेला असे. तो तांब्याच्याच खणात पडलेला असायचा. ज्याच्या डोळ्यांवर धुकं आहे, त्याला हातात आलेला पत्रा लाल की पिवळा, काय कळणार?

“ताई,” धाकटा मागून म्हणाला. “राहू दे.”

ती वळली. “तुला माहीत होतं.”

“मला कसं माहीत असेल?”

“तू काय बघितलंस?”

तो दारातल्या ओट्यावर बसला. बुटांकडे बघत बोलला. “भांडणानंतर चार-पाच दिवसांनी. बाबांनी डबी माझ्यापुढे टाकली, म्हणाले मोज. मी म्हटलं वीस. म्हणाले, नीट मोज. मी पुन्हा मोजल्या, वीसच. मग म्हणाले, जा, चहा सांगून ये. मी कोपऱ्यावर पोचलो नाही तोच पंचाचे दोन ठोके ऐकू आले. परत आलो तर म्हणाले, बावीस आहेत. तुला मोजता येत नाही.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, चुकलं असेल.”

“तेव्हा काकांचं लेथ अजून चालू होतं.”

“मग काय करू? बापाला चोर म्हणू? तू काय केलंस गं? तूही तर तिथंच उभी होतीस, त्या दिवशी. फरशीवरचे डाग मोजत!”

हे खरं होतं. तिने नाकारलं नाही.

“मी उभी होते,” ती म्हणाली. “ते माझं पाप. दोन टिकल्यांचं त्यांचं. आणि ऐकून गप्प बसलास, ते तुझं. घरात तिघांना पुरेल एवढं आहे.”

“उगाच देवळातल्यासारखं बोलू नकोस. मेलेल्या माणसाच्या मागे…”

“मेलेल्याचं मेल्याला. जिवंत माणूस फाटकावर बसलाय.”

थाऊकाका आता बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर बसतो, हे गल्लीला ठाऊक होतं. ट्रक आला की दांडा वर, ट्रक गेला की दांडा खाली. शंभर थाऊ सोडा, शंभर हाताची चूक झाली तरी चालेल असं काम.

थोरलीने आणखी वाद घातला नाही. तांब्याचं पान तापवून विझवलं, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवलं आणि आखलेल्या त्या दोन गोलांवर पंच ठेवून ठोकला. एक. दोन. पडलेल्या दोन लाल टिकल्या तिने उचलून डबीत टाकल्या. पिवळ्या दोन वेगळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंजिन बांधून झालं, तेल भरलं, पाणी भरलं. पाऊण तास ते चालत राहिलं. काटा बत्तिसावर येऊन थांबला तो हलला नाही. तिने हेडच्या मागच्या टोकाला पाण्याचे थेंब टाकले. ते नुसते पसरले.

इतकं साधं होतं. दोन ठोके.

डॉक्टर आला. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, काटा बघितला आणि लहान मुलासारखा हसला. “काय होतं हो शेवटी?”

“क्रँकच,” धाकटा पुढे होऊन म्हणाला. “बाबा म्हणाले होते तसंच. केला सरळ.”

शब्द इतके सहज आले की थोरलीला ते आधीच घोटून ठेवलेले वाटले. दीड वर्षामागचा तोच वार, त्याच माणसावर, त्याच जागी. फरक एवढाच की या वेळी मारणाऱ्याला चांगलं दिसत होतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली. डॉक्टर थांबला. “क्रँक बरोबर होता. काय चुकलं होतं ते मी तुम्हाला उद्या सांगते. गल्लीलाही सांगेन. पण आज नाही. ते आधी एका माणसाला सांगायचं कबूल केलंय.”

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. तोंड उघडायला लावायचं त्याचं रोजचं काम होतं, पण तो काही न विचारता गाडीत बसला. “उद्या येतो,” एवढंच म्हणाला.

गाडी वळणापलीकडे गेली तसा धाकटा उसळला. “जा! जाऊन सांग! दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे, वाच आधी. त्याच्यावर आपण दोघं जेवतो. आणि तो म्हातारा काय करणार आहे ऐकून? लेथ परत येणारे त्याचं?”

“नाही येणार.”

“मग?”

थोरलीने पुसायचं फडकं उचललं.

“गेलीस तर या दुकानात परत पाऊल टाकू नकोस, ताई. सांगून ठेवतो.”

थोरलीने रोजच्यासारखे पाने पुसले. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकेक आपापल्या जागी लावला. पंच तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. कनवटीची किल्ली सोडवून बाकावर, धाकट्याच्या हाताजवळ ठेवली. त्याने ती उचलली नाही, सरकवलीही नाही.

मग तिने हात धुतले. नखांतलं तेल निघेना, तेव्हा तसंच राहू दिलं. डबीत बावीस लाल टिकल्या होत्या. दोन पिवळ्या तिने कागदाच्या पुडीत बांधून डबीतच, वर ठेवल्या. झाकण लावलं. डबीवरचं ‘बरोबर’ तिने पुसलं नाही, ते बाबांनी लिहिलेलं होतं. मायक्रोमीटर पिशवीत घातला, खडूने लिहिलेले आकडे कागदावर उतरवून घेतले, आणि डबी हातातच धरली.

बर्फाचा कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. चालत गेलं तरी थाऊकाकाची पाळी सुटायच्या आत पोचता येणार होतं. तिने चपला घातल्या, चहाच्या रिकाम्या बाकावरून नजर न हटवता ती गल्लीतून गेली, आणि मुख्य रस्त्याला लागली.